जीएसआर झालात? परतीच्या फेरीकडे लक्ष द्या

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना. तिच्या ग्रुपमध्ये जीएसआर, म्हणजे जनरल सर्व्हिस रिप्रेझेंटेटिव्ह (पुढच्या सभांना जाणारा ग्रुपचा प्रतिनिधी), निवडायची वेळ आली की सगळे चहाच्या कपात बघायला लागतात. मग जो त्या दिवशी आलेला नसतो त्याच्याच गळ्यात माळ पडते. असा जीएसआर दोन महिन्यांत गायब होतो. निवडणूक दोन-तीन आठवडे आधी जाहीर करा आणि कामाला किती वेळ लागतो तेही तेव्हाच सांगा.

इथे अमेरिका-कॅनडातली रचना धरली आहे. भारताचं जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे; आपल्याकडच्या पातळ्या आणि मुदती तुमच्या इंटरग्रुपला, म्हणजे आसपासच्या ग्रुपांच्या सामाईक कार्यालयाला, विचारून घ्या.

या रचनेत ग्रुप सगळ्यांत वर असतो. ग्रुपचा जीएसआर डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आसपासच्या ग्रुपांच्या, मीटिंगला जातो, तिथे जीएसआर मिळून डीसीएम, म्हणजे डिस्ट्रिक्ट कमिटी मेंबर, निवडतात. अनेक डिस्ट्रिक्ट मिळून एरिया; त्याच्या असेंब्लीत, म्हणजे सभेत, जीएसआर मत देतात आणि एरियाचा प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, ठरतो. असे सगळ्या एरियांचे डेलिगेट एप्रिलच्या सुमारास जनरल सर्व्हिस कॉन्फरन्सला, म्हणजे वार्षिक सभेला, बसतात. पहिली कॉन्फरन्स १९५१ मध्ये न्यूयॉर्कला झाली.

मुदत साधारण दोन वर्षांची. दोन-तीन वर्षांची सोब्रायटी, म्हणजे दारूपासून दूर राहणं, असावी असं सुचवतात. ग्रुपमधली दुसरी जबाबदारी त्याच वेळी अंगावर नसलेली बरी. पर्यायी जीएसआर त्याच दिवशी निवडा आणि त्यालाही मीटिंगला न्या, नाहीतर आयत्या वेळी गेलेल्या माणसाला तिथली चर्चा कळतच नाही. नवा जीएसआर निवडल्यावर ग्रुपची बदललेली माहिती एरियाच्या रजिस्ट्रारकडे कळवायची असते. हे राहिलं की पत्रं, ईमेल जुन्याच माणसाकडे जात राहतात, आणि डिस्ट्रिक्ट-एरियात काय चाललंय ते ग्रुपला कळत नाही.

खरी कसोटी लागते कॉन्फरन्सच्या आधीच्या दोन महिन्यांत. अजेंडा हिवाळ्यात येतो, सोबत पार्श्वभूमीची शेकडो पानं. ती सगळी ग्रुपपुढे वाचायला घेतली तर लोक उठून जातात. ग्रुपला ज्यात खरोखर रस आहे असे तीन-चार मुद्दे निवडा, प्रत्येकावर अर्धं पान लिहा: आता काय आहे, काय बदलायचा प्रस्ताव आहे, बाजूने काय, विरुद्ध काय. तुमचं मत त्यात घालू नका, विचारलं तरच सांगा. ही चर्चा नेहमीच्या मीटिंगच्या शेवटच्या पाच मिनिटांत उरकू नका. वेगळी बिझनेस मीटिंग ठेवा. आणि ही पानं फक्त सदस्यांसाठी असतात, सदस्यांची पूर्ण नावं त्यात असू शकतात. व्हॉट्सॲपवर पुढे ढकलू नका.

मत घेतल्यावर थांबायचं नाही. अल्पमतातल्यांना पुन्हा बोलू द्या, मग बहुमताच्या बाजूच्या कुणाला फेरविचार हवा आहे का ते विचारा. कंटाळवाणं वाटतं, पण निर्णय फिरतात ते याच जागी.

आता सर्वांत जास्त भांडण जिथे होतं तो मुद्दा. ग्रुपने 'नाही' म्हणायला सांगितलं, असेंब्लीत मात्र अशी माहिती समोर आली की 'हो' म्हणावंसं वाटलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सेवाकार्याच्या बारा संकल्पनांपैकी तिसरी संकल्पना निर्णयाचा हक्क प्रतिनिधीला देते. त्याने ऐकून, विचार करून मत द्यायचं. बांधील मतच हवं असेल तर माणूस कशाला पाठवायचा, पत्र पाठवा की! मात्र परत आल्यावर पहिल्याच बिझनेस मीटिंगला 'मी उलट मत दिलं, आणि का' हे सांगणं बंधनकारक समजा. हे लपवलं की ग्रुपचा विश्वास जातो. ते मत कोणाचं होतं, हा प्रश्न मग गौण ठरतो.

असेंब्लीतल्या डेलिगेटच्या निवडणुकीची पद्धत नवख्यांना चक्रावते. लेखी मतदान होतं, एकूण मतांपैकी दोन तृतीयांश मिळवणारा निवडून येतो. दुसऱ्या फेरीनंतर एक पंचमांशाहून कमी मतं असलेले बाद, तिसरीनंतर एक तृतीयांशाहून कमी असलेले बाद; पहिले दोघे मात्र राहतात. चौथीतही निकाल लागला नाही तर पाचवी आणि शेवटची फेरी घ्यायची की थेट चिठ्ठी काढायची, हे सभा हात वर करून ठरवते. पाचवीतही न जमल्यास चिठ्ठीच. चिठ्ठीत दुसऱ्या नंबरचा निघाला तर त्यात अन्याय काही नाही. अगदी निसटत्या बहुमताने माणूस निवडून दोन गट पाडण्यापेक्षा हे बरं, अशी कल्पना आहे.

अहवाल तीन मिनिटांत द्या. काय ठरलं, ग्रुपकडून काय हवंय, कधीपर्यंत, बाकीचं कागदावर. 'कळवण्यासारखं काही नाही' असं सलग ऐकू येत असेल तर जीएसआर बहुधा मीटिंगला जातच नाहीये.

प्रवासखर्चाचं आधीच बोलून घ्या. पेट्रोल, असेंब्लीची एक रात्र, नोंदणी शुल्क: सातव्या परंपरेच्या पैशातून, म्हणजे सदस्यांच्याच वर्गणीतून, ग्रुपने हे द्यावं. नाहीतर ज्याच्या खिशात पैसे तोच प्रतिनिधी, असं होऊन बसतं.

मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी फाइल तयार ठेवा: ग्रुपचा सर्व्हिस नंबर, डीसीएमचा संपर्क, गेल्या दोन वर्षांचे ठराव, खर्चाचा हिशोब. ईमेल जीएसआर या पदाच्या नावाने उघडा, स्वतःच्या नावाने नको. म्हणजे पासवर्ड बदलला की काम पुढच्या माणसाकडे गेलं.