आकडा फारच चांगला आला

बडोद्यात ऑगस्टमध्ये लिथियम बॅटरीच्या घन इलेक्ट्रोलाइटवर, म्हणजे आतून लिथियमचे आयन वाहून नेणाऱ्या घन पदार्थावर, काम करायचं म्हणजे हौसच म्हणायची. आमच्याकडे आर्गनचा ग्लव्हबॉक्स, म्हणजे बाहेरची हवा आत न येणारी, हातमोजे बसवलेली पेटी आहे, पण हायड्रॉलिक प्रेस त्यात मावत नाही. म्हणून वाळवलेली पावडर बाहेर आणून गोळी दाबायची, नि मग पुन्हा आत.

त्या दिवशी आमची पीएचडीची मुलगी लॅपटॉप घेऊन धावतच आली. "मॅडम, ०.००१ च्या वर गेलं!" वाहकता, सेंटीमीटरला सीमेन्समध्ये, तेही खोलीच्या तापमानाला. पदार्थ यूआयओ-६६. झिर्कोनियमच्या गाठी सेंद्रिय दुव्यांनी जोडलेला हा सच्छिद्र स्फटिक २००८ मध्ये ऑस्लोच्या विद्यापीठातून आला. त्याच्या दुव्यांवर सल्फोनिक गट बसवून त्यातल्या प्रोटॉनच्या जागी आम्ही लिथियम घातलं होतं. ऋणभार सांगाड्यालाच पक्का चिकटलेला, तेव्हा हललं तर लिथियमच हलेल, असा हिशेब.

पण २०११ मध्ये बर्कलीच्या गटाला मॅग्नेशियमच्या सांगाड्यात ०.०००३१ मिळालं, ते कार्बोनेट द्रावक भरून. आमच्या गोळीत द्रावकाचा थेंब नव्हता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आलेख देखणा होता: छोटं अर्धवर्तुळ, मग वर चढत जाणारी शेपटी. पण इम्पीडन्स, म्हणजे उलटसुलट विजेला होणारा अडथळा मोजणं, हे टोलनाक्यावर गाड्या मोजण्यासारखं. किती गेल्या ते कळतं, कुठल्या गावच्या ते नाही.

"लिथियम न घातलेली गोळी दाब," मी म्हटलं. ती जरा फुगली, पण दाबली. संध्याकाळी आकडा आला, जवळपास तोच!

म्हणजे पहिला आकडा लिथियमच्या नावावर घालायची सोय उरली नाही. प्रेसवर जाईपर्यंत छिद्रांनी हवेतलं पाणी पिऊन घेतलं होतं, आणि पाण्याच्या आधाराने प्रोटॉन पळत होते. या जातीचे सच्छिद्र पदार्थ पाणी पिण्यासाठी नावाजलेलेच. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ओमर याघींच्या गटाने तर वाळवंटातल्या हवेतून पाणी काढून दाखवलंय. इथे विश्वामित्रीकाठची पावसाळी हवा, मग काय विचारता!

"आता डिसेंबरपर्यंत थांबायचं का?" तिने वैतागून विचारलं. प्रेसवरचे काका म्हणाले, "डाय, म्हणजे गोळीचा साचा, ग्लव्हबॉक्सच्या आतच भरा, पिशवीत सील करा, मी पिशवीसकट दाबतो." काही पिशव्या फाटल्या. जी टिकली तिच्यातली गोळी बंद सेलमध्ये मोजली, तर आकडा हजारपटीने खाली. तोच आम्ही वहीत लिहिला, आणि द्रावक किती घालायचा यावर वाद सुरू केला. कारण द्रावक घातल्यावर त्याला घन इलेक्ट्रोलाइट म्हणायचं का, यावर मुलीचं नि माझं अजून जमलेलं नाही.