आईच्या लुगड्याची गोधडी, दोनदा शिवलेली

आई गेल्यावर तिची तीन सुती लुगडी माझ्या कपाटात घडी न मोडता पडून होती. लेक पुण्याला शिकायला जाणार हे नक्की झालं, तेव्हा ठरवलं की त्यातल्या लिंबोळी रंगाच्या लुगड्याची तिला गोधडी शिवून द्यायची.

हिशेब सोपा वाटला. लुगडं नऊवार, म्हणजे 27 फूट. चारपदरी घडी घातली की पावणेसात फूट लांबीचे चार थर होतात, कुठं कात्री लावायला नको. मध्ये दोन जुन्या सुती चादरी. चारही बाजूंना लाल काठ हवा म्हणून मेनरोडवरून कोरं सुती कापड आणलं आणि त्याच संध्याकाळी पट्ट्या कापून जोडून टाकल्या. खरी चूक तिथंच झाली, पण ती कळायला महिना जावा लागला.

त्याआधी दुसरीच अडचण उभी राहिली. मी कडेकडेनं धावदोरा घालत आत सरकत होते, दोन बोटांचं अंतर ठेवून. जसजशी आत गेले तसतसा सगळा झोळ मधोमध साठला. वरून हात फिरवला की आतली चादर गोळा झालेली लागायची. समोरच्या काकू मूळच्या निफाडकडच्या, थंडीच्या गावच्या. गोधड्या शिवण्यात हयात गेलेली. त्यांनी एकदाच हात ठेवला.

"पोट आलंय हिला. आधी कच्चा दोरा घातला होतास का गं?"

नव्हता घातला. चार टाचण्या लावल्या होत्या, पण सहा थर टाचण्यांना दाद देत नाहीत. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला लांब लांब टाके घालायचे आणि प्रत्येक टाक्याआधी तळहातानं कापड कडेकडे सारत जायचं, हे काकूंनी जमिनीवर बसून करून दाखवलं. पण त्याआधी सगळं उसवावं लागलं. दोन दुपारी त्यात गेल्या. टाके निघाल्यावर सुईची भोकं रांगेनं दिसत होती. पाण्याचा हात लावून नखानं चोळलं की सूत पुन्हा जवळ यायचं. एका ठिकाणी विरलेलं लुगडं फाटलंच. तिथं आईच्याच जुन्या पोलक्याचं ठिगळ लावलं.

दुसऱ्यांदा शिवलेली गोधडी अगदी सपाट बसली. मग ती मी धुतली.

नवरात्राआधी आम्ही आईबरोबर गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गोधड्या धुवायला जायचो, त्याच हौसेनं गच्चीवर टब भरला. पाणी लाल झालं. घाबरून गोधडी तशीच पिळून उन्हात टाकली, तेही चुकलंच. ओली असतानाच गार पाण्यातून पुन्हा पुन्हा काढली असती तर बराचसा रंग निघून गेला असता. वाळल्यावर तो सुतात बसला. वर लाल पट्टी चार इंच आटली. लुगडं तीस वर्षं धुतलेलं, ते कशाला आटतंय! काठ आखडला आणि गोधडीच्या कडा द्रोणासारख्या वर आल्या.

कोणी म्हणालं, मिठाच्या पाण्यात ठेव. ठेवली, काही झालं नाही. शेवटी चारही काठ उसवले. नवीन लाल कापड आणून कापायच्या आधी कढत पाण्यात भिजवलं, पाणी बदललं, परत भिजवलं. ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून बघायचा; सहाव्या पाण्याला रुमाल कोरा निघाला. वाळवून, इस्त्री करून मगच पट्ट्या कापल्या.

पदराच्या टोकाला गुलाबी डाग राहिला. आई तिथं किल्ल्या बांधायची. त्यावर दुसरं कापड लावावं असं मनात आलं होतं, पण हात धजला नाही. डिसेंबरात लेकीचा फोन आला, खोलीत सगळ्यांना दोन-दोन ब्लँकेटं लागतात, तिला एवढी एक पुरते.

आता धाकट्यासाठी दुसरं लुगडं काढलंय. काठाचं कापड न्हाणीघरात बादलीत भिजतंय. काल तिसरं पाणी बदललं, अजून गुलाबी येतंय.