सेंट आइव्ह्ज: आधी कामाच्या जागा, मग टेट

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या या जुन्या मच्छीमार गावात मोटार नेऊ नका. गल्ल्या अरुंद, चढाच्या. उन्हाळ्यात पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते. लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झन्सच्या गाडीने सेंट अर्थला उतरावं आणि तिथून सेंट आइव्ह्जची छोटी गाडी धरावी. बसावं उजव्या खिडकीशी. आधी खाडी, मग समुद्र, दोन्ही त्याच अंगाला दिसतात.

बहुतेक प्रवासी थेट आधुनिक कलेच्या टेट गॅलरीत शिरतात आणि लीच पॉटरी, म्हणजे मातीच्या भांड्यांची कार्यशाळा, शेवटी ठेवतात. ती गावाबाहेर, चढावर आहे. संध्याकाळी पाय दुखू लागले की तीच राहून जाते. म्हणून सुरुवात तिथूनच करावी. बर्नार्ड लीच आणि शोजी हमादा या कुंभकारांनी १९२० साली ती उभारली. जुनी भट्टी जपानी पद्धतीची, उतारावर एकापुढे एक तीन कप्प्यांची. जाळ खालच्या तोंडाशी लावायचा. वर चढणारी धग पुढचा कप्पा आधीच तापवून ठेवते. अडचण एकच, पण मोठी: भट्टी लाकडावरची होती आणि कॉर्नवॉलमध्ये लाकडाचा तुटवडा. भांडं विकत घेताना उलटं करून बघा. पॉटरीचा शिक्का वेगळा, घडवणाऱ्याचा वेगळा.

मग उतारानेच शिल्पकार बार्बरा हेपवर्थच्या ट्रेविन स्टुडिओत यावं. १९४९ साली तिने तो घेतला आणि १९७५ मध्ये तिथेच तिचा अंत झाला. बागेतली ब्राँझशिल्पं सुंदर आहेतच, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते प्लास्टरच्या कामाचं दालन: हत्यारं, अर्धवट कामं, सगळं जागच्या जागी.

पोर्थमिअरच्या किनाऱ्यावरच्या स्टुडिओंमध्ये खाली मच्छीमारांची तळघरं आहेत, वर चित्रकार. किनारा उत्तरेकडे उघडा, त्यामुळे थेट ऊन न येता उजेड बराच वेळ सारखा राहतो. रंग जुळवणाऱ्याला हेच हवं असतं. आत एरवी प्रवेश नसतो, खुले दिवस आधी पाहून ठेवावेत. मागच्या चढावरच्या बार्नून दफनभूमीत अल्फ्रेड वॉलिसची कबर आहे. पुठ्ठ्याच्या वेड्यावाकड्या तुकड्यांवर होड्यांच्या रंगाने चित्रं काढणारा हा दर्यावर्दी. कबरीवरच्या फरश्या लीचनेच घडवलेल्या.

टेट तिथून दोन पावलांवर. जुन्या गॅस कारखान्याच्या जागी १९९३ साली उघडलेली ही इमारत; दर्शनी गोलाकार भागात गॅसच्या टाकीचा आकार अजून ओळखू येतो. आता आत जावं.