ट्यूब कापणारी माणसं

टूथपेस्टची ट्यूब संपली, असं आमच्या घरात कुणालाही परस्पर ठरवता येत नाही. आधी ती खालून गुंडाळत आणली जाते. मग बेसिनच्या कडेवर आडवी ठेवून ब्रशच्या दांड्याने वरपर्यंत रेटली जाते. तरीही तोंडाशी काही आलं नाही, की कात्री येते. बुडाशी एक आडवा काप, बाजूने एक उभा, आणि ट्यूब उलगडायची. आत, विशेषतः झाकणाजवळच्या उतारावर, इतकी पेस्ट चिकटून बसलेली असते की दोघांचे दोन-तीन दिवस सहज निघतात. हे काम मला मनापासून आवडतं. त्यात किती पैसे वाचतात ते मोजायला बसलं तर हसू येईल, पण त्या दिवशी मी घराचं अंदाजपत्रक एकहाती सावरल्याच्या तोऱ्यात वावरते.

साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवणं, शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून ती खळखळवणं, भेटवस्तूवरचा कागद न फाडता सोडवून गादीखाली ठेवणं, ही सगळी त्याच गोत्रातली कामं. इथे बचत डोळ्यांना दिसते, हाताला लागते. पंचाईत एवढीच, की दिसणारी बचत आणि होणारी बचत यांची फारशी ओळखदेख नसते.

आता दिव्यांचंच बघा. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की आईचा आवाज येणारच, ‘कुणासाठी जळतोय तो?’ जुन्या काचेच्या बल्बच्या काळात तिचं बरोबरच होतं. साठ वॉटचा बल्ब सोळा-सतरा तासांत एक युनिट खायचा. आज जवळपास तेवढाच उजेड नऊ वॉटचा एलईडी देतो आणि एक युनिट संपवायला त्याला साडेचार दिवस अखंड जळावं लागतं. पहारा मात्र पूर्वीइतकाच कडक. उलट, पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचं म्हटलं, की साधारण ०.४४ युनिट लागतं. म्हणजे एका बादलीच्या ऊन पाण्यात तो दिवा सलग दोन दिवस चालला असता. पण गरम पाण्याचा नळ सोडून निवांत दाढी करणाऱ्याला या घरात कुणी कधी विचारलेलं नाही, की कुणासाठी वाहतंय ते.

उजेड स्वस्त झाला, ऊब महागच राहिली. पाणी तापायला भरपूर उष्णता मागतं, त्यात कुठल्या कंपनीच्या हुशारीचं फार काही चालत नाही. वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावलं, तर त्या धुण्याची बहुतेक वीज ड्रम फिरवण्यात नाही, पाणी तापवण्यात जाते. पातेल्यावर झाकण ठेवणं हा जगातला सर्वांत कंटाळवाणा सल्ला असेल, पण वाफेबरोबर किती उष्णता निघून जाते हे कळल्यावर मी तो निमूटपणे पाळते. मोबाइलच्या चार्जरचं बटण चालू राहिलं म्हणून होणारी भांडणं मात्र आता थांबवायला हरकत नाही. हल्लीचा चार्जर फोन न लावता नुसता राहिला तर अर्ध्या वॉटहूनही कमी वीज घेतो. वर्षभरात चार-साडेचार युनिटांच्या पुढे काही तो जात नाही. रिमोटने ‘बंद’ केलेल्या सेट-टॉप बॉक्सवर कुणाचा संशयसुद्धा नसतो. पण जुन्या बनावटीचा असेल, तर बंद असतानाही तो जवळजवळ चालू असल्यासारखीच वीज ओढत बसतो.

शिवाय स्वस्त झालेली गोष्ट आपण सढळ हाताने वापरतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५मध्ये कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं होतं. वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली तसा कोळशाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढला. आमच्या गॅलरीत पूर्वी दिवा नव्हताच. एलईडी ‘काही खातच नाही’ असं ठरल्यावर तिथे दोन आले आणि रात्रभर जळू लागले. जेव्हन्ससाहेबांना आमच्या गॅलरीत उभं करून दाखवावंसं वाटतं.

खरेदीतही माझं डोकं असंच चालतं. माझंच नाही, बहुतेकांचं चालतं, हे डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८१मध्ये दाखवलं होतं. त्यांनी लोकांना विचारलं, की पंधरा डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांवरच्या दुकानात पाच डॉलरने स्वस्त मिळत असेल तर जाल का? शंभरातले ६८ जण जायला तयार. तेच पाच डॉलर सव्वाशेच्या वस्तूवर वाचत असतील तर? तयार फक्त २९. वीस मिनिटं तीच, पाच डॉलरही तेच. आपण वाचणारी रक्कम बघत नाही, किमतीचा केवढा हिस्सा सुटला ते बघतो. म्हणून किरकोळ वस्तूसाठी घासाघीस करणारी मी, सोफा घेताना ‘आता एवढे घालतोच आहोत तर’ म्हणून मोकळी होते. त्या एका ‘तर’मध्ये शंभर ट्यूबा बुडतात.

मोठं पाकीट स्वस्त पडतं, ही अशीच एक श्रद्धा. कधी पडतं, कधी नाही. वजनाने भागून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि दुकानात उभं राहून भागाकार करणाऱ्या बाईकडे लोक जरा सांभाळूनच बघतात. बघू देत. किंमत तीच ठेवून आतला माल गुपचूप कमी केलेला असतो, तो त्या भागाकारातच सापडतो. आणि मोठी बाटली खरोखर स्वस्त निघाली, तरी ती भरलेली असेपर्यंत हात सैल सुटतो, तळ दिसू लागल्यावरच आखडतो. हे बाटलीवर कुठे छापलेलं नसतं.

बाबांनी याच्यावर एकच उपाय केला. रोज रात्री वहीत खर्च लिहायचा. आखीव रकाने, बारीक अक्षर, आणि शेवटी ‘किरकोळ’ नावाचा एक रकाना, जो कित्येक महिन्यांत बाकीच्यांना भारी पडायचा. हिशेब जुळला नाही, की तफावत तिथेच जाऊन झोपायची. तरी ते म्हणायचे, रात्री लिहायचं आहे हे माहीत असलं की दुपारी खिशात हात घालताना माणूस थबकतो. आता फोनवरून दिलेल्या प्रत्येक पैशाची नोंद आपोआप होते, बाबांच्या वहीपेक्षा कितीतरी काटेकोर. पण ती कुणी हाताने लिहीत नाही, म्हणून कुणी वाचतही नाही.

परवा मी ती वाचायला बसले. दर महिन्याला ठरल्या तारखेला, आम्ही झोपेत असताना, एका ॲपचे पैसे जात होते. त्यावर शेवटचं काय बघितलं ते दोघांनाही आठवेना. नाव नोंदवायला एक टिचकी पुरली होती. बाहेर पडायची वाट मात्र सेटिंगमधून खात्यात, खात्यातून योजनेत, योजनेतून ‘इतर पर्याया’त, अशी वळणावळणाची निघाली. ‘तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं’ म्हणून झालं, न बघितलेल्या मालिकांची चित्रं दाखवून झाली, मग कारण विचारलं. मी ‘महाग वाटतं’वर बोट ठेवलं. लगेच पडदा उजळला, पुढचे तीन महिने निम्म्या किमतीत.

नवरा खांद्यावरून बघत होता. ‘निम्म्या किमतीत?’ तो म्हणाला. ‘अगं, मग राहू दे की!’