बटण बंद, फेज चालू

भाद्रपद, शुक्रवार, रात्र

तान्हा पोळा आटोपला. पोरांचे लाकडी नंदी माळ्यावर गेले आणि कालपासून पावसाची झड लागली आहे. कपाशीत पाय टाकला तर घोट्यापर्यंत चिखल. फवारा नाही, डवरणी नाही. म्हणून बरेच दिवसांपासून रखडलेलं काम आज हाती घेतलं, टेबलावरच्या दिव्याचं बटण.

लोखंडी दांडीचा, वाकत्या मानेचा जुना दिवा आहे. बटण वायरीच्या मध्येच, लोंबतं. पहाटे माय त्याच्या उजेडात वाती वळते, संध्याकाळी लेक अभ्यासाला बसते. दाबलं की लागायचा, बोट काढलं की विझायचा, हलवलं की चर्र आवाज. लेकीनं त्यावर रबरबँड गुंडाळून काम भागवलं होतं. शेजारचे म्हणाले, फेका आणि नवीन घ्या. आख्ख्या दिव्यात एक पितळेची पट्टी बिघडली म्हणून दिवा फेकायचा, हे मला पटत नाही. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, पुढे शेतीतच रमलो, पण पेचकस अजून हातात बसतो.

बटण उघडायच्या आधी मी पिन काढली. लेक बाजूलाच होती.

"बटण तं बंद हाये ना बाबा, मंग पिन कायले काढता?"

हा प्रश्न आपल्या गावातल्या प्रत्येक घरात विचारला गेला पाहिजे, आणि त्याचं उत्तर नुसतं सांगून भागत नाही. मी तिला चप्पल घालून दोन हात दूर उभं केलं. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून पाहिला, कारण टेस्टरच बिघडलेला असेल तर तो न लागण्याला काही अर्थ नाही. मग बल्ब काढला, पिन पुन्हा बोर्डात खोचली, बटण बंदच ठेवलं आणि होल्डरमधल्या दोन टोकांना एकेक करून टेस्टर टेकवला. एका टोकाला टेस्टर लागला. लाल, स्वच्छ.

ती बघतच राहिली. मग मी पिन काढून उलटी करून लावली. आता दोन्ही टोकं गप्प.

गोष्ट अशी आहे की असलं बटण दोनपैकी एकच वायर तोडतं. दुसरी न तुटता सरळ होल्डरपर्यंत जाते. तुटणारी वायर फेजची, म्हणजे करंट आणणारी, असेल तर बटण बंद केल्यावर होल्डर मोकळा होतो. ती न्यूट्रलची, म्हणजे परतीची, असेल तर दिवा विझतो खरा, पण २३० व्होल्ट होल्डरात तसेच उभे राहतात आणि तिथून जमिनीकडे वाट शोधतात. ती वाट म्हणजे बल्ब काढायला हात घालणारा माणूस. दोन पिनांचा प्लग कसाही लावता येतो, त्यामुळे आज कोणती वायर फेज आहे ते प्लग लावणाऱ्याच्या हातावर ठरतं. दिवा दिसायला सारखाच विझलेला असतो.

माय दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "मंग रोजच्याले तो दिवा वल्ल्या फडक्यानं पुसनं होते, त्याचं काय?"

माझ्या पोटात गोळा आला. कारण वायर जिथून दांडीत शिरते तिथली रबरी बुशी कधीच गळून पडली होती आणि लोखंडाच्या काठानं वायरीचं प्लास्टिक घासलं होतं. तांबं अजून उघडं पडलं नव्हतं, पण फार बाकीही नव्हतं. ते उघडं पडून दांडीला टेकलं असतं तर ओलं फडकं, मातीची जमीन, अनवाणी पाय, सगळं जुळून आलेलं होतं. बटणाचा बिघाड निघाला नसता तर मी त्या वायरीकडे पाहिलंही नसतं.

बटण उघडलं तर आत काजळी. एक स्क्रू ढिला झालेला, त्याच्याखालच्या निम्म्या तारा तुटलेल्या, पट्टीचं टोक काळं आणि खड्डा पडलेलं. असं व्हायला मोठा लोड लागतो असं नाही. आताचा ९ वॅटचा एलईडी जेमतेम ०.०४ अँपिअर ओढतो. आधीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब पाव अँपिअरच्या जरा वर ओढायचा. पण जोड ढिला पडला की त्या जागी ठिणगी उडत राहते. ठिणगीनं पट्टी जळते, जळलेली पट्टी नीट टेकत नाही, म्हणून आणखी ठिणगी. वर आमच्याकडे मुंग्या असल्या कोपऱ्यात शिरतात आणि त्यांची पूडही तिथेच साठते.

पट्टी पॉलिश पेपरनं घासून बसवता आली असती, पण तिची स्प्रिंगच बसली होती. बटण दाबल्यावर जो टक्क आवाज येतो तो त्या स्प्रिंगचा, आणि बटणाचा जीव त्यातच आहे. टोकं सावकाश दूर गेली तर मधल्या हवेतून करंट ठिणगीच्या रूपानं वाहत राहतो, म्हणून ती झटक्यात सुटायला हवीत. १८८४ साली इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी झटक्यात तुटणारं बटण बनवलं. आपण ज्या आवाजाकडे लक्षही देत नाही, तो इतका जुना आणि इतका विचार करून आणलेला आहे. आपल्या लाइनचं आणखी एक बरं आहे. ती ५० हर्ट्झची असल्यानं सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि ठिणगीला विझायला संधी मिळते. सोलरच्या पॅनलमधून येणाऱ्या डीसीला, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या करंटला, ही संधी नाही, तिथली ठिणगी धरून बसते. गावात आता शेतोशेती सोलर पंप लागले आहेत, आणि पॅनलच्या वायरीवर घरातलं साधं बटण जोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या भावाला उद्या भेटून सांगणार आहे. डीसीचं बटण डीसीचंच पाहिजे.

आर्वीहून आणलेलं नवीन बटण घरात पडलं होतं, वर ६ अँपिअर, २४० व्होल्ट छापलेलं. सोबत तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लग घेतला होता. दांडी लोखंडी आहे, त्यामुळे दोन तारांवर तिला ठेवणंच बरोबर नव्हतं. फेजची लाल वायर बटणात तोडली, न्यूट्रलची काळी आणि अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी, हिरवी सरळ पुढे नेली. दांडीच्या बुडाजवळचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर हिरवी वायर स्क्रूनं आवळली. रंगावर आवळली तर ती नुसती दिसायला जोडलेली असते. तोंडाला नवी बुशी बसवली आणि आत वायरीला गाठ मारली, म्हणजे कोणी ओढली तरी ताण स्क्रूवर येणार नाही. तारा पिळून, दुमडून स्क्रूखाली घालायच्या, एकही केस बाहेर राहता कामा नये. हे सगळं लेकीनं केलं, मी फक्त शेवटी ओढून पाहिलं.

पण प्लग तीन पिनांचा झाला म्हणून काम संपत नाही. बोर्डाकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, अशी रीत आहे. अर्थिंगची पिन लांब ठेवलेली असते ती उगाच नाही, ती आधी जोडली जाते आणि सगळ्यात शेवटी सुटते. आमच्या बोर्डात टेस्टर डावीकडे लागला! म्हणजे सगळं नीट जोडूनही बटण न्यूट्रलच तोडणार होतं. मेन पाडून, पुन्हा टेस्टरनं खात्री करून, दोन वायरी अदलाबदल केल्या. आता बटण बंद केलं की होल्डरची दोन्ही टोकं गप्प राहतात. लेकीनं स्वतः पाहिलं, मायलाही दाखवलं.

ओसरीतला एलईडी बंद केल्यावरही रात्री काजव्यासारखा मिणमिणतो, त्याचा उलगडाही इथेच झाला असावा. भिंतीवरचं बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये घातलं की बल्ब कायम फेजला टांगलेला राहतो, आणि झिरपणारा जरासा करंटही एलईडीला मिणमिणायला पुरतो. पिवळ्या बल्बला तेवढ्यानं काही होत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. तो बोर्ड उघडून पाहायचा आहे.

गावात अजूनही बऱ्याच घरी प्लग नसतोच. वायरीची टोकं सोलून भोकात घालतात आणि आगपेटीच्या काड्या खोचून घट्ट करतात. लहान लेकरं रांगतात त्या उंचीवर. मला त्याचा राग येतो आणि भीतीही वाटते. प्लग काही महाग वस्तू नाही. तो बसवायला कोणी येत नाही, ही अडचण आहे, आणि ती मी थोडीफार दूर करू शकतो.

राहिलं अर्थिंग. आमची काळी जमीन आता चिंब आहे, म्हणून आज अर्थिंग चांगलंच मिळणार. परीक्षा उन्हाळ्यात. चैत्र-वैशाखात जमिनीला भेगा पडतात, माती सुकते आणि खड्ड्यातली पट्टी नावालाच उरते. तेव्हा खड्ड्यात पाणी टाकायचं काम मायनं स्वतःकडे घेतलं आहे. शिवाय मेनजवळ ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारं बटण, बसवायची. कापसाचे पहिले पैसे आले की आधी ती.

उद्या झड उघडली तर फवारा, नाही उघडली तर ओसरीचा बोर्ड. लेक म्हणते, तो तीच उघडणार.