‘फायर करू नका’ मधलं ‘नका’

“फायर करू नका.” रेंज ऑफिसर ३०० मीटरवरून एवढंच बोलले. इकडे बटच्या, म्हणजे निशाणांच्या टोकाच्या, खंदकात, माझ्या हातातल्या वॉकीटॉकीवर ऐकू आलं “फायर करू”, मग खट्ट, आणि हँडसेट गप्प. बोलायचं बटण त्यांच्याकडून शेवटच्या शब्दाआधीच सुटलं होतं. चाचणी बिनगोळ्यांची होती, रायफली पेट्यांत बंद होत्या. तरी शेजारी उभे असलेले चारही मार्कर, म्हणजे निशाणावरचे वेध दाखवणारी माणसं, एकदम स्तब्ध झाले.

नेमबाजी क्लबला चांदमारीसाठी हँडसेट घ्यायचे होते आणि मी तीन प्रकारचे नमुने घेऊन गेलो होतो. सकाळी पहिला प्रश्न नेहमीचाच आला: किती किलोमीटर पकडतो? डब्यावर पाच किलोमीटर लिहिलेलं असतं, ते मोकळ्या माळावरचं. इथे अंतर जेमतेम ३०० मीटर, पण त्यात मातीचा बांध आहे, पुरुषभर उंचीहून मोठी काँक्रीटची भिंत आहे, वर पत्रा आहे, आणि शेवटी कानावर मफ, म्हणजे आवाज अडवणारी गादीदार झाकणं, घातलेला माणूस आहे. खरेदी या चौघांकडे बघून करायची.

ताकदीचा मुद्दा आधी मिटवला. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात, मात्र त्या मॉडेलला दूरसंचार विभागाची ईटीए (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल) मंजुरी हवी. पाच वॅटचे स्वस्त संच ऑनलाइन सहज मिळत आले आहेत. ते वापरायचे तर फ्रिक्वेन्सी रीतसर मागून परवाना घ्यावा लागतो. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हापासून विक्रेत्याने वारंवारिता आणि ईटीए दाखवणं बंधनकारक आहे. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नये. लांब अँटेना लावून ताकद वाढवायचा उद्योगही नको, मंजुरी मिळते ती त्या संचाला, आहे त्या रूपात.

परवान्याशिवायच्या संचाचा अर्धा वॅट इथे पुरतो का, हे खंदकात उतरूनच कळणार होतं. हँडसेट कमरेच्या पट्ट्याला लावला तेव्हा आवाज तुटत होता. तोच छातीवरच्या पट्ट्यात, अँटेना उभी राहील असा लावला आणि शब्द न् शब्द कळू लागला. कारण साधं आहे. लहर भिंतीच्या काठावरून खाली वळते. जितके भिंतीला चिकटून आणि खाली, तितके तिच्या सावलीत खोल. त्यातून कमरेला असलेल्या अँटेनाची बरीच ताकद अंगच शोषून घेतं. भिंतीपासून दूर सरकलं तर सिग्नल सुधारतो, पण भिंतीआड राहणं हेच तर मार्करचं संरक्षण. तेव्हा माणूस हलवायचा नाही, अँटेना वर घ्यायची. पाच वॅट म्हणजे दहापट ताकद, आणि तरीही मी तो परवान्याचा खटाटोप इथे सुचवला नसता.

दुपारी सराव सुरू झाला. म्होरक्या मार्कर म्हणाला, “साहेब, गोळ्या चालू झाल्या की हा डबा नुसता थरथरतो. ऐकू काही येत नाही.” बरोबर होतं. गोळी आवाजापेक्षा वेगाने डोक्यावरून जाते, तिचा कडाका आधी येतो आणि रायफलचा बार मागाहून. म्हणजे बटमध्येही कानावर मफ लागतोच, आणि मफवरून स्पीकर कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. बारीक इअरफोन आत घालून वर मफ चढवला तर वायरीपाशी गादी उचलली जाते आणि तिथूनच आवाज आत शिरतो. चष्म्याच्या काडीनेही हेच होतं. त्यामुळे मी आग्रह धरला तो हँडसेटची वायर थेट जोडता येणाऱ्या मफचा. दोन्हीचा खर्च एकत्र धरा. मफ परवडत नसेल तर हँडसेट कमी घ्या.

आवाजावर आपोआप चालू होणारी व्हॉक्स सोय मी तिथेच सगळ्या संचांत बंद केली. हात मोकळे राहतात म्हणून ती अनेकांना आवडते. पण रेंजवर प्रत्येक बार तिला बोलणं वाटतो. संच प्रक्षेपण सुरू करतो आणि चॅनेल अडतो.

चॅनेल अडला म्हणजे काय, हे तासाभरात दिसलं. सगळ्यांच्या कानात अचानक कुणाचा तरी श्वास आणि चपलांचा आवाज येऊ लागला. बाकी कुणाचं काही ऐकू येईना. एका सहायकाच्या हेडसेटचा दोन पिनांचा प्लग वाकताना अर्धवट बाहेर आला होता. त्याच प्लगमधून बटणाची जोडणी जाते, त्यामुळे संच बोलत राहिला. रेंज ऑफिसरांनी शिट्टी मारली, गोळीबार थांबला, आणि मगच शोध लागला. नमुन्यांपैकी दोन तेवढ्यावर बाद केले. राहिला तो स्क्रूने आवळायच्या प्लगचा. सलग बोलण्याची मर्यादा कारखान्यातून कधी साठ सेकंद, कधी तीन मिनिटं येते. ती तीस सेकंदांवर आणली. ‘चॅनेल व्यस्त असताना बोलू न देणे’ ही सोयही काढली. दोन संच एकाच वेळी बोलले तर ज्याचा सिग्नल जोरदार तो बहुधा ऐकू येतो. थांबवण्याचा हुकूम देणाऱ्याला ती संधी मिळालीच पाहिजे.

‘प्रायव्हसी कोड’ या नावाने बरीच फसगत होते. तो नुसता एक खालच्या पट्टीचा सूर असतो. परक्यांचं बोलणं आपल्या कानावर येत नाही इतकंच. शेजारच्या बांधकामावरचा मुकादम त्याच चॅनेलवर असेल तर तो आपल्याला अडवतोच, फक्त आपल्याला ते कळत नाही. म्हणून दिवसाच्या सुरुवातीला कोड बाजूला सारून सगळं ऐकवणारं मॉनिटर बटण दाबून चॅनेल ऐकायचा, मग निवडायचा, आणि कळफलक लॉक करायचा. खिशात चॅनेल फिरलेला संच बंद संचासारखाच असतो, फरक एवढाच की दिवा लागलेला दिसतो.

मग सकाळच्या ‘नका’कडे परत आलो. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि वॉकीटॉकीवर तुटतं ते नेमकं वाक्याचं टोक, सुरुवातीचं किंवा शेवटचं. तेव्हा ‘फायर’ हा शब्द रेडिओवर उच्चारायचाच नाही असं ठरलं. थांबवायचं ते “स्टॉप, स्टॉप, स्टॉप”. तीनदा, म्हणजे पहिला किंवा शेवटचा कापला गेला तरी मधला उरतो. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबायचं, मग बोलायचं, आणि शब्द संपल्यावरही क्षणभर धरून ठेवायचं. सुरू करायची परवानगी बटकडून यायची, तीही माणसं मोजून: “बट, चौघे भिंतीआड.” समोरून ते जसंच्या तसं परत म्हटलं गेलं पाहिजे. दहा सेकंदांत उत्तर नाही, तर गोळीबार नाही. रेडिओ शांत आहे याचा अर्थ सगळं ठीक आहे असा कधीच घ्यायचा नाही.

बॅटरीचे तास कंपन्या पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं, बाकी नुसतं चालू या हिशेबाने देतात. स्पर्धेच्या दिवशी ऐकणं त्याच्या कितीतरी पट होतं, म्हणून प्रत्येक संचाला दुसरी बॅटरी. संच जीपच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवायचे नाहीत. हातावर शिशाची धूळ असते, तेव्हा संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायचे आणि हात धुऊनच जेवणाचा डबा उघडायचा.

शेवटी यादी झाली: सहा हँडसेट, बारा बॅटऱ्या, सहा वायरचे मफ, सहांचा एक चार्जर. बट आणि फायरिंग पॉइंट यांच्यामध्ये तारेचा जुना फील्ड टेलिफोन होता, तो भंगारात काढायचं चाललं होतं. त्याची तार पाइपातून नव्याने टाकायला सांगितली, आणि लाल झेंडा, शिट्टी, भोंगा जिथे होते तिथेच ठेवले.