खासदारकीचा अर्ज आणि दहा सूचक

"वकीलबाई, खासदारकीला हुभं ऱ्हायचं म्हंजे पक्षच पायजे काय ओ?" लोकसभेची निवडणूक जवळ आली की हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. कधी राधानगरीकडचा शेतकरी, कधी निवृत्त शिक्षक, कधी बचत गट चालवणारी ताई. मी कोल्हापुरात वकिली करते आणि अपक्षांचे अर्ज तपासून देते. माझं उत्तर ठरलेलं आहे: पक्ष नसला तरी चालतं, पण दहा खात्रीची माणसं पाहिजेत.

उमेदवाराकडून कायदा मागतो ते फार थोडं. भारताचं नागरिकत्व, छाननीच्या, म्हणजे अर्ज तपासण्याच्या, दिवशी वयाची २५ वर्षं पूर्ण, आणि देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव. शिक्षणाची अट नाही. चंदगडचा माणूस पुण्यातूनही अर्ज भरू शकतो. आपल्या मतदारयादीची प्रमाणित प्रत सोबत जोडली की झालं. ही दारं इतकी उघडी ठेवलीत याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

सूचकांचं, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्यांचं, मात्र तसं नाही. सूचक त्याच मतदारसंघातला मतदार असावा लागतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. आणि आपल्या जिल्ह्यात लोक नेमके इथं अडकतात, कारण जिल्हा एक असला तरी लोकसभेच्या जागा दोन आहेत. चंदगड, राधानगरी, कागल, करवीर, कोल्हापूर दक्षिण आणि उत्तर हे कोल्हापूर मतदारसंघात. शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ हे हातकणंगले मतदारसंघात, आणि त्याला सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर, शिराळा जोडलेले. त्यामुळे कागलच्या उमेदवाराचा सख्खा मेहुणा शिरोळमधल्या जयसिंगपूरला राहत असेल आणि त्याचं नाव तिथल्या यादीत असेल, तर तो कितीही जिवाभावाचा असू दे, कोल्हापूरच्या अर्जावर त्याची सही उपयोगाची नाही. यादीतला भाग क्रमांक किंवा अनुक्रमांक लिहिताना लेखनाची चूक झाली तर निवडणूक निर्णय अधिकारी ती दुरुस्त करू देऊ शकतात. माणूसच दुसऱ्या मतदारसंघातला निघाला तर त्याला इलाज नाही. म्हणून मी आधी दहाही जणांची नावं ताज्या यादीत स्वतः बघते, मगच पेन हातात देते.

आजी-आजोबा सूचक असतील आणि सही येत नसेल, तर अंगठा घरी उठवून आणू नका. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा निवडणूक आयोगानं त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. त्यांना तेवढं गाडीत घालून न्या. माझ्या मते ते चांगलंच आहे. आपण कुणाचं नाव सुचवतोय हे त्या आजीला समोरासमोर कळतं.

सूचक किती महत्त्वाचा, हे २०२४ मध्ये सुरतला सगळ्या देशानं पाहिलं. काँग्रेसचे उमेदवार निलेश कुंभाणी यांच्या सूचकांनी "अर्जावरच्या सह्या आमच्या नाहीत" असं लिहून दिलं, अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. एवढ्या मोठ्या पक्षाच्या उमेदवारावर ही वेळ येते, तर अपक्षानं किती जपायला हवं! एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत भरता येतात आणि अनामत मात्र एकदाच भरायची असते. तेव्हा निदान दोन अर्ज भरा, आणि दुसऱ्यावर वेगळे दहा सूचक घ्या. हे मी प्रत्येकाला सांगते.

दुसरं जिकिरीचं काम म्हणजे नमुना २६ मधलं प्रतिज्ञापत्र. ते नोटरी किंवा प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यासमोर करायचं. स्वतःची, पती किंवा पत्नीची आणि अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता, कर्ज, पॅन, विवरणपत्रात दाखवलेलं पाच वर्षांचं उत्पन्न, स्वतःवरचे खटले, शिक्षण, सगळं त्यात येतं. शेतकऱ्याच्या घरात सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतात, तेव्हा आपला हिस्सा किती ते आधी ठरवून घ्या. विकास सोसायटीचं पीककर्ज लिहा. बायकोच्या अंगावरच्या दागिन्यांचं वजन आणि किंमतही लिहावी लागते. त्याला लाजायचं कारण नाही, मतदाराला ते कळायलाच हवं. आणि एकही रकाना कोरा सोडू नका. जिथं सांगण्यासारखं काही नाही तिथं 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहा. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्पष्ट केलंय की आठवण करून देऊनही रकाने कोरे ठेवले तर अर्ज नाकारता येतो.

अनामत २५,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००, जागा खुली असली तरीही. चेक चालत नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे रोख भरा किंवा कोषागारात चलनानं भरून पावती जोडा. ही रक्कम परत मिळायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. १२ लाख वैध मतं धरली, तर दोन लाखांच्या वर. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं हवं.

वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. अधिसूचनेपासून शेवटच्या तारखेपर्यंत आठवडाभर आहे असं वाटतं, पण सार्वजनिक सुट्टीला अर्ज घेत नाहीत. २०२४ ला कोल्हापूरची अधिसूचना १२ एप्रिलला निघाली आणि मुदत १९ एप्रिलला संपली. मधे १४ तारखेचा रविवार गेला, १७ ला रामनवमी गेली. शेवटच्या दिवसावर ढकलू नका. नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर त्या दिवशी पक्षांच्या मिरवणुकांनी रस्ता भरलेला असतो. कार्यालयाच्या १०० मीटरच्या आत तीनच गाड्या आणि दालनात उमेदवारासह पाचच माणसं, हा नियम सगळ्यांना सारखा आहे.

अर्ज दिल्यावर लगेच शपथ घ्या. ती अर्जानंतर आणि छाननीच्या तारखेच्या आधी घ्यायची असते. संविधानावर श्रद्धा आणि निष्ठा ठेवीन, देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता राखीन, अशी ती शपथ. वाचताना भल्याभल्यांचा आवाज कापरा होतो.

अपक्ष निवडून येत नाही, असं कुणी म्हणालं तर मी २००९ सांगते. तेव्हा सदाशिवराव मंडलिक कोल्हापुरातून अपक्ष म्हणून खासदार झाले होते. ते आधीच मोठं नाव होतं, हे खरं. पण अर्जावर दहा सूचक त्यांनाही लागलेच.

माघार घ्यायची झाल्यास छाननीनंतर दोन दिवस असतात, दुपारी ३ पर्यंत, आणि एकदा घेतलेली माघार मागे घेता येत नाही. लढलात, तर जिंका किंवा हरा, निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तो न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. चहाच्या बिलापासून पावत्या एका फाइलला लावत जा. हिशेब लिहायला अडलं तर या, बसून करू.